टाकायचं तुम्हीच, पण एकटीनं नाही

पत्र :
मी 61 वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे, एकटी राहते. घरात तीन खोल्या आहेत. त्यातल्या एकीचं दार उघडतं, पण आत पाऊल ठेवायला जागा नाही. जुनी वर्तमानपत्रं, शाळेचे कागद, कपडे, रिकाम्या बाटल्या, कधीतरी दुरुस्त करू म्हणून ठेवलेल्या वस्तू. पलंगाच्या अर्ध्या भागावर मी झोपते, अर्ध्यावर कपडे आहेत. मी इस्पितळात असताना मुलानं एक खोली रिकामी करून टाकली. त्याचा हेतू चांगला होता हे कळतं, पण अजून मी त्याच्याशी धड बोलू शकत नाही. ती खोली वर्षभरात पुन्हा भरली. तेव्हापासून मी कुणालाच आत घेत नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी ‘साठवणुकीचा विकार’ असं निदान केलं आहे. आधारगटात जा आणि घरी येऊन आवरायला मदत करणारं कुणीतरी घ्या, असं त्यांचं म्हणणं. आयुष्यभर मुलांना नीटनेटकेपणा शिकवला, आता दहा अनोळखी माणसांपुढे माझ्या घराची कथा सांगू? परक्या माणसाला घरात घेतलं तर पुन्हा तेच होणार नाही कशावरून? नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही का? नाव छापू नका.

उत्तर :
ताई,

तुमच्या डॉक्टरांचा सल्ला बरोबर आहे आणि तुमची भीतीही खरी आहे. म्हणून आधी सरळ सांगते : गटात जा, घरी मदतही घ्या, पण ती मदत तुमच्या अटींवर घ्या. अटी कोणत्या, ते पुढे लिहिते. दोन्हींपैकी एकच धरलंत तर काम अर्ध्यात अडण्याची शक्यता जास्त.

गोळ्यांचं आधी संपवते. साठवणुकीच्या विकारासाठी म्हणून खास मान्यता मिळालेलं औषध आज नाही. नैराश्यावरची काही औषधं यासाठी वापरून पाहिली गेली आहेत आणि काही जणांना त्यांचा उपयोग होतो. या विकारासोबत नैराश्य पुष्कळदा असतं, चिंतेचा त्रास असतो, काहींचं मन एका कामावर टिकत नाही. तुमच्या बाबतीत असं काही असेल तर त्यावरचं औषध जरूर घ्या, कारण सकाळी उठावंसंच वाटत नसेल तर पिशवी उघडून बसायचं बळ येणार कुठून? हे तुमच्या डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला. पण हातातला कागद ठेवायचा की टाकायचा हे ठरवण्याची सवय गोळी लावून देत नाही. ती सरावानंच लागते.

‘आयुष्यभर मुलांना नीटनेटकेपणा शिकवला’ या तुमच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. तुम्हाला वाटतं की शाळेतली तुम्ही खोटी होतात आणि घरातली खरी. तसं नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हा विकार असलेल्या लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून एकेक कागद दाखवला गेला. काही कागद त्यांचे स्वतःचे होते, काही दुसऱ्याचे. ठेवायचा की नष्ट करायचा ते त्यांनी सांगायचं, आणि नष्ट करा म्हटलेला कागद खरोखरच फाडला जायचा. एखादी गोष्ट आपल्यासाठी किती महत्त्वाची आहे हे तोलणारे मेंदूचे भाग दुसऱ्याच्या कागदाच्या वेळी नेहमीपेक्षा शांत होते आणि स्वतःचा कागद समोर येताच नेहमीपेक्षा फार जास्त पेटून उठले. म्हणजे शाळेचं कपाट लावणारी शिक्षिका आणि घरातल्या ढिगापुढे हतबल होणारी बाई एकच असू शकते, आणि दोघीही खऱ्या. आळस, घाणेरडेपणा, कंजूषपणा असले शब्द तुम्ही ऐकले असतील, बहुधा स्वतःलाही लावले असतील. ते सोडून द्या.

या त्रासाला वैद्यकशास्त्रानं स्वतंत्र नाव दिलं तेही अलीकडेच. 2013 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत तो वेगळा विकार म्हणून आला. नंतर जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या आजारांच्या यादीत त्याला जागा दिली, ती यादी 2022 पासून लागू झाली. त्याआधी हा ओसीडीचाच, म्हणजे नको असलेले विचार आणि त्याच त्या कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या विकाराचाच, एक प्रकार मानला जायचा आणि उपचारही त्याच वाटेनं व्हायचे, त्यांचा फारसा गुण यायचा नाही. शंभरातल्या दोन-तीन माणसांना हा त्रास असतो असा अंदाज आहे. बहुतेकांमध्ये त्याची चाहूल किशोरवयातच लागते, पुढे वय वाढेल तसा तो वाढत जातो. नात्यात आणखी कुणाला अशी सवय असणंही फार आढळतं. जवळचं माणूस गेलं, नोकरी संपली, घरात एकटेपणा आला की जोर धरतो. तुमच्याकडे निवृत्तीनंतर ढीग वाढले का, हे एकदा आठवून पाहा. (उतारवयात कधीही सवय नसताना हे एकदम सुरू झालं असेल, तर मात्र स्मरणशक्तीची तपासणी आधी करून घ्यावी. हे तुमच्यासाठी नाही, हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिते.)

आता मुलानं रिकामी केलेली खोली. ती पुन्हा भरली याचा दोष तुम्ही स्वतःकडे घेताय. प्लास्टर काढल्यावर हाताचा व्यायाम आपल्या जागी दुसऱ्या कुणी केला तर त्या दुसऱ्याचा हात मजबूत होईल, आपला आहे तसाच राहील. तुमच्या मुलानं एका दिवसात शेकडो निर्णय घेतले, त्यातला एकही तुमचा नव्हता. टाकताना पोटात कालवतं, ते सोसून थोड्या वेळानं ते आपोआप उतरतं, हा अनुभव तुमच्या वाट्याला आलाच नाही. वाट्याला आलं ते फक्त नुकसान, आणि माझं घर माझ्या पाठीमागे उपसलं जाऊ शकतं ही धास्ती. धास्ती असली की माणूस आणखी घट्ट धरून ठेवतो. जबरदस्तीनं घर रिकामं केल्यावर ते पुन्हा भरणं हे इतकं नेहमीचं आहे की या क्षेत्रात काम करणारे लोक त्याविरुद्ध कळकळीनं सांगत असतात. तुम्हाला झालेलं दुःख अवाजवी नव्हतं. त्या खोलीत काय होतं, हे तुम्हाला नीट पाहायलाही मिळालं नाही.

गटाबद्दल तुमची कल्पना मला वाटतं चौकशी समितीसारखी आहे. मी अशा गटांमध्ये बसले आहे. तिथं कुणी घराचे फोटो मागत नाही, पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असंही नसतं. साधारणपणे आठ-दहा माणसं, आठवड्यातून एकदा, तीन-चार महिने. प्रत्येक बैठकीला विषय ठरलेला असतो : आपण वस्तू घरात आणतो कशा, टाकताना मनात नेमकं काय येतं, आठवण आणि वस्तू यांची गाठ कशी पडते. मग पुढच्या आठवड्यासाठी प्रत्येकानं स्वतः निवडलेलं छोटं काम, आणि आल्यावर त्याचा हिशेब. हिशेब म्हणजे झालं तर काय झालं, नाही झालं तर कुठे अडलं. ‘नाही झालं’ म्हणणाऱ्याला कुणी बोल लावत नाही, कारण बाकीच्यांचंही मागच्या आठवड्यात तिथंच अडलेलं असतं.

गटात खरं काम कुठे होतं ते सांगते. समोरचे एक गृहस्थ सांगत असतात की बिघडलेले सात पंखे आहेत, पण प्रत्येकात एखादा भाग चांगला आहे, सगळे मिळून एक चालू पंखा होईल. तुम्ही ऐकता. तुमच्या मनात येतं, अहो, सात वर्षांत झाला नाही तो पंखा. आणि दुसऱ्याच क्षणी घरातल्या ‘दुरुस्त करू’ म्हणून ठेवलेल्या वस्तू डोळ्यांसमोर येतात. हेच जर मुलानं ऐकवलं असतं तर तुम्ही चिडला असता. तिथं ते कुणी ऐकवत नाही, तुमचं तुम्हालाच ऐकू येतं. आणि त्या गृहस्थांविषयी तुमच्या मनात तिरस्कार नसतो, माया असते. तीच माया हळूहळू स्वतःविषयीही वाटू लागते. तुमच्यासारख्या लाजेनं दार बंद करून बसलेल्या माणसाला याहून मोठं औषध मला माहीत नाही.

हे नुसतं माझं मत नाही. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तीनशेहून अधिक लोकांवर झालेला एक मोठा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. काही गट प्रशिक्षित मानसतज्ज्ञांनी चालवले, काही गट स्वतः या त्रासातून गेलेल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या माणसांनी. दोन्हींकडे लोकांना जवळपास सारखाच फायदा झाला. तेव्हा तुमच्या गटाचा प्रमुख डॉक्टर नसेल तर निराश होऊ नका, त्याच्याकडे दुसरं काहीतरी मोलाचं असतं. तुमच्या आसपास असा गट नसेल तर ऑनलाइन भरणाऱ्या बैठकाही चालतात. तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांना विचारा, त्यांच्याकडे असे आणखी दोन-तीन रुग्ण असतील तर छोटा गट तिथंच सुरू होऊ शकतो.

गटातला एक सराव तुम्हाला सुरुवातीला विचित्र वाटेल : न घेण्याचा. दुकानात जायचं, आवडलेली किंवा स्वस्त मिळणारी वस्तू हातात घ्यायची, थोडा वेळ धरायची, परत ठेवायची आणि रिकाम्या हातानं बाहेर पडायचं. पहिल्यांदा सोबत गटातलं कुणी असतं. बाहेर आल्यावर हुरहुर किती वाटतेय त्याला शून्य ते दहा असा आकडा द्यायचा, आणि तासाभरानं पुन्हा. आकडा उतरलेला दिसतो. फुकट मिळणाऱ्या वस्तूंचंही असंच. घरातून बाहेर जाणाऱ्या पिशव्यांइतकंच आत येणाऱ्या पिशव्यांवर लक्ष हवं, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात जाते, आणि हे बरेच जण विसरतात.

मग घरी मदत कशाला? कारण गटाच्या खोलीत सगळं पटतं आणि घराचं दार उघडलं की ढिगापुढे पुन्हा हातपाय गळतात. मी असं म्हणणारी पुष्कळ माणसं पाहिली आहेत, आणि ती खोटं बोलत नसतात. निर्णय घेण्याचा सराव जिथं वस्तू आहेत तिथंच करावा लागतो. या विकारावरच्या वैयक्तिक उपचारातही, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या ‘सीबीटी’तही, काही सत्रं मुद्दाम रुग्णाच्या घरी घेतात ती यासाठीच. गटासोबत प्रशिक्षित मदतनीसानं घरी येऊन आवरण्याचा सराव करून घ्यायचा, असा एक प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये मांडला. तो अगदी मोजक्या लोकांवरचा होता, त्यामुळे त्यावरून मोठे दावे करणार नाही, पण त्या लोकांच्या घरातला पसारा कमी झाला.

आता तुमच्या अटी. मदतनीस घरात येण्याआधी बाहेर कुठेतरी भेटा आणि तीन गोष्टी स्पष्ट बोलून, शक्य तर लिहून घ्या. तुम्हाला विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. तुम्ही तोंडानं ‘न्या’ म्हटल्याशिवाय एक कागदही घराबाहेर जाणार नाही. आणि तुम्ही ‘आज पुरे’ म्हणालात की काम तिथंच थांबेल. हे ऐकून जो माणूस ‘असं केलं तर वर्षं लागतील’ म्हणेल, त्याला नम्रपणे नको म्हणा. साफसफाईची कामं करणारा कितीही चपळ असला तरी तुम्हाला हवा तो हा नव्हे. या विकाराची माहिती असलेली व्यक्ती असेल तर उत्तम : समाजकार्यकर्ती, परिचारिका, गटातलीच पुढे गेलेली एखादी सदस्य. तशी कुणी नसेल तर शांत स्वभावाची, तोंड सांभाळणारी मैत्रीणही चालेल, फक्त तिची गाठ आधी तुमच्या समुपदेशकांशी घालून द्या.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते सांगते, म्हणजे भीती थोडी कमी होईल. एक टेबल मोकळं करायचं, फक्त एक. त्यावर एक खोकं, ढिगाच्या अगदी वरच्या थरातलं. तुम्ही बसलेल्या, मदतनीस बाजूला. तुम्ही स्वतः एक कागद उचलता. मिक्सरचं गॅरंटी कार्ड.

‘हे कशाचं?’ ती विचारते.
‘मिक्सरचं.’
‘मिक्सर आहे?’
‘नाही, कधीच गेला.’
ती ‘मग टाका ना’ म्हणत नाही. ती विचारते, ‘हे ठेवलं तर तुम्हाला काय मिळेल?’

तुम्ही गप्प होता. मग कदाचित सांगता की त्यावर ‘त्यांची’ सही आहे. आता कळलं की प्रश्न मिक्सरचा नव्हताच. सही ठेवायची असेल तर ठेवा, एक छोटा डबा फक्त अशा कागदांसाठी करा, आणि तो डबा भरला की नवीन आत जाताना जुना बाहेर. पुढचे वीस कागद मात्र बिनसहीचे असतील. त्यातल्या एकाबद्दल पैज लावा : टाकला तर किती त्रास होईल? आठ? लिहून ठेवा, टाका, दोन दिवसांनी पुन्हा आकडा द्या. कुणी कितीही समजावून सांगितलं तरी तुमच्या स्वतःच्या हातचे हे दोन आकडे जास्त पटतात.

एक खोड आधीच सांगून ठेवते, कारण ती जवळजवळ प्रत्येकाला असते. कागद उचलायचा, ‘हे नंतर बघू’ म्हणत दुसऱ्या ढिगावर ठेवायचा. संध्याकाळी माणूस दमलेलं असतं आणि घर सकाळसारखंच. मदतनीसाचं मोठं काम इथं आहे. तिनं हळूच आठवण द्यायची की हातात घेतलेल्या वस्तूचं आत्ताच काय ते ठरवू. अगदीच ठरत नसेल तर ‘अजून नाही’ असं एक खोकं ठेवा, पण एकच. सुरुवातीला अर्धा-पाऊण तास पुरे. आणि जे जायचं ठरलं ते त्याच दिवशी घराबाहेर गेलं पाहिजे. रात्रभर दाराशी ठेवलेली पिशवी सकाळी परत उघडली जाते.

सुरुवात बंद खोलीपासून करू नका. तुमचं सगळं लक्ष तिच्यावर आहे हे मला कळतंय, पण ती शेवटी. फोटो, पत्रंही शेवटी. सुरुवात पलंगापासून दारापर्यंतच्या वाटेची आणि स्वयंपाकाच्या शेगडीभोवतीच्या जागेची. शेगडीच्या हाताभर अंतरात कागद, कपडा, प्लास्टिक काही नको. विजेची बटणं आणि वायरी ढिगाखालून मोकळ्या करा. यात टापटिपीचा काही संबंध नाही, तुमच्या जिवाचा आहे. मेलबर्नच्या अग्निशमन दलानं दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा घरांना लागलेल्या आगींपैकी साठवणुकीच्या घरांतल्या आगी अर्ध्या टक्क्याहूनही कमी निघाल्या, पण टाळता आल्या असत्या अशा मृत्यूंपैकी जवळपास चौथा हिस्सा त्या घरांतला होता. अशा घरात माणसाला बाहेर पडायला वाट नसते आणि आग विझवणाऱ्यांना आत यायलाही नसते. हे एवढं काम गट सुरू व्हायची वाट न पाहता या आठवड्यातच करा. इथं काही टाकायचा निर्णयही घ्यायला नको, नुसतं बाजूला सरकवलं तरी चालेल. सरकवण्याला मी एवढ्याच ठिकाणी परवानगी देते.

त्यानंतर पलंगाचा दुसरा अर्धा भाग.

किती दिवस लागतील? पूर्ण उपचार साधारण सहा महिने ते वर्षभर चालतात, आणि गटात जाणाऱ्या बहुतेकांचा त्रास कमी होतो, पण बऱ्याच जणांच्या घरात त्यानंतरही पसारा उरतो. हे मी लपवत नाही. मासिकात छापतात तसं घर व्हावं अशी अपेक्षा ठेवलीत तर तिसऱ्या महिन्यात सोडून द्याल. दोन्ही पाय पसरून झोपता येणं, टेबलावर बसून जेवता येणं, दुरुस्तीवाल्याला आत घेता येणं, ही ध्येयं घ्या. मध्ये एखादा महिना वाईट जाईल, विशेषतः कुणाचा स्मृतिदिन वगैरे जवळ असेल तेव्हा. गटाच्या बैठका संपल्यावरही महिन्यातून एकदा भेटत राहणाऱ्या लोकांची सोबत तेव्हा कामाला येते. गट संपताना दोघा-तिघांचे फोन नंबर घेऊन ठेवा.

पहिल्या बैठकीत काय बोलायचं याचं दडपण असेल तर एवढंच म्हणा : ‘माझ्या घरात फार सामान साचलंय, आणि मला ते एकटीला जमत नाही.’ शाळेत नव्या वर्गात पहिल्या दिवशी गप्प बसणाऱ्या मुलांना तुम्ही वेळ दिलाच असेल. तेवढाच स्वतःलाही द्या.

राहिला मुलगा. त्याला माफ केलं पाहिजे असं मी सांगणार नाही, ते तुमचं तुम्ही ठरवाल. पण त्याला या सगळ्यापासून लांब ठेवू नका, कारण दार बंद झाल्यापासून तोही घाबरलेला असणार. त्याला फोन करून सांगा की मी उपचार सुरू करतेय, त्या दिवशी तू खोली उपसलीस तेव्हा मला फार लागलं होतं, आणि आता तुझी मदत हवी आहे ती एकाच कामासाठी : दर आठवड्याला ठरल्या वारी दाराशी यायचं, मी बांधून दिलेल्या पिशव्या न उघडता, न मोजता घेऊन जायच्या. ‘एवढ्याच?’ असं विचारायचं नाही, हेही त्याला आधीच सांगून ठेवा. त्याला आत कधी बोलवायचं ते तुम्ही ठरवा. आणि डॉक्टरांना उद्याच फोन करून गटाची पुढची बैठक कधी आहे ते विचारा. गटात जागा व्हायला कधी कधी थांबावं लागतं, त्यामुळे नाव लगेच दिलेलं बरं.